पुढचं कार्पेट वारंवार ओलं होतंय? जुन्या गाडीची हीटर कॉइल बदलण्याआधी आणि बदलताना

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार उघडलं की गोडसर, दमट वास येतो. पुढच्या काचेवर आतून धुकं धरतं आणि फडक्यानं पुसायला जावं तर तेलकट पट्टा उमटतो. दोन सीटच्या मधल्या उंचवट्याला लागून असलेलं कार्पेट हाताला चिकट लागतं. कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरत असते, पण गाडीखाली एक थेंब सापडत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "हीटर कॉइल गेली." नवी बसते, मजुरी दिली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच वास.

हा लेख मारुती ८००, झेन, एस्टीम या काळातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, पण त्या पिढीच्या इतर गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या पोटात, मधोमध बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी (म्हणजे कूलंट) एका होजनं, म्हणजे रबरी नळीनं, तिच्यात येतं, दुसऱ्या होजनं वॉटर पंपाकडे परत जातं, आणि ब्लोअरची हवा तिच्या जाळीतून गरम होऊन केबिनमध्ये येते. वस्तू लहान, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून मजुरी पार्टपेक्षा जास्त होते आणि म्हणूनच बरेच जण हे काम घरी करायला घेतात. करता येतं. सॉकेटचा संच, दोन सुट्ट्यांचे दिवस आणि डॅशबोर्ड उचलायला एक सोबती एवढं पुरतं. पण डॅशबोर्ड उतरवून कॉइल हातात आल्यावर ती ठणठणीत कोरडी निघाली तर त्या दोन दिवसांचं दुःख फार असतं.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

ओल्या कार्पेटचं सगळ्यात नेहमीचं कारण हीटर नाहीच, एसी आहे. जुन्या मारुतींत डावीकडून ब्लोअर, मग एसीची कूलिंग कॉइल, मग हीटर असे डबे एका ओळीत बसलेले असतात. कूलिंग कॉइलवर साचणारं पाणी एका छोट्या नळीतून बाहेर पडतं. ती नळी धुळीनं, कुजक्या पानांनी किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यानं तुंबली की पाणी उलटं फिरून डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. हे पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, आणि एसी चालवला तरच येतं. गाडीखालून नळीत मऊ तार अलगद फिरवा. कंप्रेसरची जोरदार हवा मारू नका, आतला जोड निसटला तर पाणी कायमचं आत येईल.

दुसरा संशयित पाऊस. वायपरच्या खालच्या जाळीत पानं अडकली की तिथली पाण्याची वाट बंद होते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. काचेचं रबर कडक होऊन चिरलं तरी तेच. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून काचेवर पाईपनं पाणी सोडायचं. पाच मिनिटांत कळतं.

कूलंटची ओळख टिश्यू पेपरवर पटते. ओल्या जागी पांढरा कागद दाबून धरा. हिरवट, गुलाबी किंवा गंजाची लालसर छटा आली आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर ते कूलंट. चव मात्र घ्यायची नाही. इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. याच कारणानं काढलेलं कूलंट परातीत उघडं ठेवू नये की गटारात ओतू नये. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ ऑइलशेजारी वेगळं द्या.

आता ते कूलंट कॉइलमधूनच येतंय का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) होजचा क्लॅम्प ढिला असेल तर थेंब पाईपवरून घरंगळत आत येऊ शकतो. काही गाड्यांत हीटरचा कॉक, म्हणजे कॉइलकडे जाणारं गरम पाणी चालू-बंद करणारा नळ, आतच असतो आणि तोच गळतो. यासाठी खात्रीची चाचणी एकच, बायपास. इंजिन गार असताना दोन्ही होज कॉइलच्या नळ्यांवरून काढायचे आणि गरम पाण्याला चालणारा एक तुकडा मध्ये घालून एकमेकांना जोडून टाकायचे. दोन्ही टोकं बुचं मारून बंद करू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) बंद असताना पाणी फिरण्याचा रस्ता हाच असतो. आता कार्पेट वर करून, पत्र्यावर वर्तमानपत्र पसरून आठवडाभर गाडी वापरा. कागद कोरडा आणि बाटलीतली पातळी स्थिर राहिली तर दोष कॉइलच्या किंवा आतल्या कॉकच्या बाजूला आहे. कागद कोरडा, पण पातळी तरीही उतरतेय? मग कॉइलचा विषय सोडा आणि हेड गॅस्केटकडे (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलकडे) बघा.

मुंबईत किंवा कोकणात राहणारे बरेच जण हाच बायपास कायमचा ठेवतात. माझा त्याला फार आक्षेप नाही, एसी चालू असेल तर काच एसीनंही सुकते. पण एसी नसलेल्या ८०० ने जुलैत आंबोली किंवा ताम्हिणी चढायची असेल तर गरम हवेशिवाय पुढचं दिसत नाही, आणि तिथे दिसणं हाच सगळा प्रश्न असतो.

गळती नाही, नुसती गरम हवा येत नाही

ही तक्रार वेगळी आहे, पण तिच्यासाठीही कॉइल बदलली जाते. इंजिन पूर्ण तापल्यावर, हीटर फुल गरमवर ठेवून, फायरवॉलजवळचे दोन्ही होज हातानं चाचपा. दोन्ही चटका बसण्याइतके गरम असतील तर पाणी फिरतंय. दोष डब्यातल्या, हवेची वाट बदलणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल तुंबली आहे किंवा कॉक उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर बहुधा कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला आहे.

हा आपल्याकडचा लाडका उपाय. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, म्हणजे "गाडी थंड चालते". थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडण्यासाठी बनवलेला असतो. तो नसला की हायवेवर इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि धुळ्या-नाशिकच्या जानेवारीत हीटर नुसतं वारं मारतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी डॅशबोर्ड उतरवलेला मी पाहिला आहे.

तुंबलेल्या कॉइलला आधी उलटं धुऊन बघा. दोन्ही होज काढून, परतीच्या नळीतून कमी दाबानं बागेच्या पाईपचं पाणी सोडा. सुरुवातीला चहासारखं लाल पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, मग बाजू बदला. नळ पूर्ण सोडू नका, जुन्या कॉइलचे जोड तेवढा दाब सोसत नाहीत.

कॉइल का जाते

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुन्हा पुन्हा होणाऱ्या गळतीचं मूळ या भागात आहे. कॉइल क्वचितच आपणहून मरते. कूलिंग सिस्टिममध्ये सगळ्यात पातळ नळ्या तिच्या, म्हणून बाकी सगळ्यांची पापं पहिल्यांदा तिच्यात फुटतात. पापं तशीच ठेवून नवी कॉइल घातली तर तीही त्याच वाटेनं जाते.

पहिलं पाप पाण्याचं. कूलंट कमी झालं की पेट्रोल पंपावरच्या नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं जातं. सोलापूर, लातूर, बीडकडचं बोअरचं पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून पाहिलं तर तळाला पांढरा थर दिसतो. तोच थर कॉइलच्या नळ्यांत बसतो. क्षारांनी आणि क्लोराइडनं ॲल्युमिनिअमला आतून खड्डे पडतात, पितळी कॉइलचे डाग दिलेले जोड खाल्ले जातात. कूलंटमध्ये घालायचं पाणी म्हणजे बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी. पंपावर, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. आणि डब्यावर नीट वाचा: "रेडी टू यूज" लिहिलेलं कूलंट तसंच ओतायचं असतं. त्यात पुन्हा निम्मं पाणी घातलं की गंजरोधक रसायन निम्म्यावर येतं. घट्ट कूलंट असेल तर निम्मं-निम्मं. आपल्याकडे ते गोठू नये म्हणून लागत नाही, गंज अडवण्यासाठी लागतं. ते रसायन झिजत जातं, म्हणून जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावं, भले ते दिसायला हिरवंगार असो. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नका, आणि रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असंही धरून चालू नका.

दुसरं, रेडिएटरचं झाकण. या गाड्यांच्या झाकणावर साधारण ०.९ असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे तेवढ्या बारला ते दाब सोडतं. या दाबामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दुकानदार कधी कधी "हे जास्त मजबूत" म्हणून १.१ किंवा १.३ चं देतो. मजबूत ते झाकण. जास्तीचा दाब मात्र वीस वर्षांच्या होजना आणि कॉइलला सोसावा लागतो. आकडा गाडीच्या पुस्तकाशी जुळवूनच घ्या. इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाची आतली झडप अडकली आहे किंवा बाटलीकडची नळी तुंबली आहे.

तिसरं कारण बहुतेक गॅरेजांत कोणी तपासत नाही: अर्थिंग. नंतर बसवलेले फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, स्टिरिओ यांची अर्थ वायर हाताला सापडेल त्या बोल्टला जोडलेली असते, कधी थेट रेडिएटरच्या कंसाला. इंजिन आणि बॉडीमधली मूळ पट्टी गंजलेली असली तर करंट परतीचा रस्ता कूलंटमधून शोधतो आणि कॉइलचा धातू आतून खात सुटतो. तपासणं सोपं आहे. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन कूलंटमध्ये बुडवा, धातूला टेकू देऊ नका. इंजिन सुरू करून हेडलाइट, ब्लोअर, पंखा, एसी एकेक करत चालू करा. ०.१ च्या खाली आकडा असेल तर निश्चिंत राहा. ०.३ च्या वर गेला तर ज्या बटणाला तो उडाला त्याच्या अर्थिंगमागे लागा. पाणी तापायच्या आत चाचणी उरका. इंजिन बंद करून बॅटरी सोडवली, काळी पिन इंजिनाच्या धातूला लावली आणि तरीही आकडा तसाच राहिला तर दोष तारांचा नाही, कूलंटच थकलं आहे. ॲल्युमिनिअमच्या कॉइलसाठी ही चाचणी मी तरी वगळणार नाही.

चौथं, हेड गॅस्केट. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसत असेल तर झाकण उघडं ठेवून इंजिन चालवताना सतत बुडबुडे येत राहतात, आणि सकाळी गार इंजिन सुरू करताच होज दगडासारखे कडक होतात. अशा गाडीत नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे फुंकणं.

आणि हळद. रेडिएटर गळला की त्यात हळदीची पुडी सोडायची, हे ट्रकवाल्यांचं जुनं शास्त्र. रस्त्यात अडकल्यावर पुढच्या गावापर्यंत पोचवतं, खरं आहे. बाजारात मिळणारी गळतीबंद पावडरही तेच करते. पण गळती कुठली आणि नळी कुठली हे त्या पुडीला कळत नाही, आणि सगळ्यात बारीक नळ्या हीटर कॉइलच्या.

उतरवताना

एसीचे पाईप सोडू नका, ही पहिली अट. तुमच्या गाडीत हीटरचा डबा कूलिंग कॉइलला धक्का न लावता निघत असेल तर उत्तम. निघत नसेल तर आधी एसीवाल्याकडून गॅस रीतसर काढून घ्या. दाबाखालचा पाईप घरी उघडला तर गॅस हवेत जातो आणि हाताला थंडीनं भाजतं. एअरबॅग असलेली गाडी असेल तर बॅटरी सोडून काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कनेक्टरना विनाकारण हात लावू नका.

बॅटरीची मायनस काढा, गार इंजिनातून कूलंट काढा, फायरवॉलवरचे दोन्ही होज सोडवा. होज पकडून पिळायचा मोह होतो. त्यानं कॉइलची नळी मोडते किंवा कॉक तुटतो. ब्लेडनं होज लांबीच्या दिशेनं चिरा आणि सोलून काढा. नवे होज तसेही घालायचेच आहेत. मग एका नळीत पायपंपानं हलकी हवा मारून कॉइलमधलं उरलेलं पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर घ्या, नाहीतर डबा तिरका होताच ते तुमच्या मांडीवर येतं.

डॅशबोर्डाचं प्लास्टिक वीस-पंचवीस वर्षं उन्हात भाजलेलं असतं. थंड सकाळी त्याचे खटके बिस्किटासारखे मोडतात, म्हणून हे काम दुपारी गाडी उन्हात तापल्यावर करा. पुढच्या दोन्ही सीट काढल्या तर पाठ वाचते. स्टिअरिंग कॉलमचे नट सोडले की कॉलम खाली येतो, तेवढी मोकळीक पुरते. मीटरमागची स्पीडोमीटरची केबल, कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये चोकची केबल, हीटरच्या नॉबच्या केबली, हे सगळं डॅशबोर्ड ओढण्याआधी सुटलेलं असायला हवं. प्रत्येक केबल क्लिपमध्ये नेमकी कुठे पकडली आहे याचा फोटो काढा, नुसत्या जागेचा नव्हे. दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे बसली तर झडप पूर्ण बंद होत नाही आणि मग उन्हाळ्यात "एसी थंड करत नाही" म्हणून वेगळीच शोधाशोध सुरू होते. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा, प्रत्येक खड्ड्यावर जागा लिहून. डॅशबोर्ड अडकला असं वाटलं तर जोर लावू नका, कुठेतरी एक बोल्ट राहिलेला असतो. बहुतेकदा तो काचेच्या कडेच्या छोट्या टोपणाखाली नाहीतर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो.

डबा बाहेर आल्यावर त्याचे दोन भाग क्लिपांनी जोडलेले दिसतील. आत पानं असतील, उंदराचं घर असू शकतं. तोंडाला फडकं बांधून साफ करा. झडपांवरचा जुना फोम हाताला लागताच पीठ होतो. दरवाजाच्या फटींसाठी मिळणारी चिकट फोमपट्टी त्या जागी लावा. कॉइलच्या भोवतीची पट्टी विसरू नका, नाहीतर अर्धी हवा कॉइलला वळसा घालून थंडच बाहेर पडते.

नवी कॉइल दुकानातच जुनीशेजारी ठेवून बघा: जाडी, नळ्यांचा कोन, नळ्यांची लांबी. पाच मिलिमीटरचा फरकसुद्धा फायरवॉलच्या भोकात नडतो. घरी आणल्यावर एक नळी बंद करून, दुसरीतून सायकलच्या पंपानं हलकी हवा भरत बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर ती आजच परत करता येते, डॅशबोर्ड लावल्यावर नाही.

बसवण्याआधी आणखी एक काम: जुनी कॉइल बाहेर असतानाच हीटरच्या होजच्या वाटेनं इंजिन धुऊन घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत नळाचं, शेवटी एकदा बॅटरीचं. हे टाळलं तर सगळा गंज पहिल्याच दिवशी नव्या कॉइलमध्ये जाऊन बसतो.

भरताना

डॅशबोर्ड लावायची घाई नको. डबा बोल्टवर बसला, नवे होज आणि नवे क्लॅम्प लागले, की बॅटरी तात्पुरती जोडा, उघड्या तारा एकमेकींना किंवा पत्र्याला लागत नाहीत हे बघा, आणि कूलंट भरून आधी इंजिन चालवा. अर्धा तास. डबा, होजचे जोड, कॉक, सगळं डोळ्यांसमोर आहे. थेंब दिसायचा तर आत्ता दिसू दे.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं. हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, इंजिन स्लो. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील तसं कूलंट घाला. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. पातळी वर चढून बाहेर येऊ लागली की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा एकदा तरी फिरेपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी थोडी उतरलेली असेल, ते साहजिक आहे.

डॅशमधून गुळगुळ आवाज येत असेल, किंवा स्लोवर हवा थंड आणि रेस दिल्यावर गरम येत असेल, तर अजून हवा अडकली आहे. हाच विधी पुन्हा करा, कॉइलला दोष देऊ नका.

राहिलं कार्पेट. त्याच्या खालचं जाड फेल्ट लिटरभर कूलंट सहज पिऊन बसतं आणि ते कूलंट पाण्यासारखं वाळत नाही. नवी कॉइल बसूनही महिनाभर गोड वास आणि काचेवर धुकं येतं ते यामुळे, आणि "नवी पण गळते" म्हणून लोक परत दुकानात जातात. फेल्ट बाहेर काढून कोमट पाण्यानं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पुढची काच आतून साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसा, एअर व्हेंटच्या तोंडाशीही. पत्र्यावर गंज दिसला तर घासून प्राइमर मारायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही. बाटलीवर गार इंजिनाच्या पातळीला मार्करनं रेघ मारा, आणि ती महिनाभर जागेवर राहिल्याशिवाय कार्पेटच्या कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू आवळू नका.